झेंडूला पाजलेलं पाणी

फोनवर बाईंनी तीनदा बजावलं होतं, "भाऊ, फुलं कोरडी पायजेत. सकाळी आठ वाजता, मांडवात." अकोल्यातल्या त्या बाईंचं मांडव सजवण्याचं हे पहिलंच मोठं काम, आणि झेंडू माझ्या अमरावतीजवळच्या वावरातला.

पण आदल्या संध्याकाळी तोडणी झाल्यावर मला फुलांची दया आली. रात्रभर पोत्यात, वर एवढा प्रवास! चारही पोत्यांवर मी बादलीनं पाणी मारलं, वरून ताडपत्री आवळली आणि पहाटे गाडीत शीळ घालत बसलो. मूर्तिजापूर गेलं तरी माझी शीळ सुरूच.

आठला पाच कमी असताना मांडवात पोती उतरवली. बाईंनी पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं तर आतून भातासारखी वाफ आली. मधली फुलं काळी, चिकट. वरात अकराला येणार होती.

"वजन वाढवाले पाणी मारलं का, भाऊ?"

वकिलीच्या पहिल्या वर्षाला मी दोनदा बसलो आहे. तेवढ्या विद्वत्तेवर म्हणालो, "ताई, ठरली वेळ, ठरली जागा, ठरलं वजन. कराराप्रमाणं माझं काम पुरं झालं."

"मले मांडवात वजन नाही लटकवाचं. फुलं लटकवाचे हायेत!"

यावर दोन्ही वर्षांत काही शिकवलं नव्हतं.

खाली बसलो. पोत्याच्या कडेची फुलं धड होती, ती निवडू लागलो. बाई ओवत होत्या. दहा वाजता हिशेब कळला: वधूवरांच्या मंचापुरती फुलं होतील, दाराला एकही नाही.

तेवढ्यात नवरीची आई आली. कोरं दार पाहून बाईंवरच कडाडली, "तोरण कुठं हाय? का वरातीले असंच आत घेऊ? तुमाले काम देऊन चुकलोच आमी!"

बाई ओवतच राहिल्या. माझं नावसुद्धा घेतलं नाही. त्यांची पुढची सगळी कामं त्या दारात अडकली होती.

"यायनं कोरडीच मागतली होती," मी म्हणालो. "पाणी म्या मारलं. अक्कल माझी गेली."

नवरीच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग इथं उभे काहून? मागं आंबा हाय. चढा!"

पन्नाशीच्या माणसानं आंब्यावर चढू नये. चढलो. बाई खालून डहाळ्या झेलून दोरीत खोवत होत्या. शेवटची गाठ मारायला मी शिडीवर, आणि कोपऱ्यावर बँड.

"उतरा, भाऊ! वरात आली!"

"गाठ राहिली, ताई."

"मंग मारा ना लवकर!"