मन्मथप्पांच्या सायकलचं वजन

मन्मथप्पांच्या पायाला भिंगरी बांधलेली आहे, असं गंगासागरबाई लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आल्या होत्या. जेवायला बसले तरी यांचा एक गुडघा वर, कुणी हाक मारली तर उठायला सोपं. धारूरच्या पेठेत किराणा दुकान, पण गादीवर टेकलेले मन्मथप्पा कुणी पाहिलेच नव्हते. पोती उतरवून घे, वखारीत जा, जुन्या तराजूच्या हलक्या पारड्याला पासंगाचा खडा नीट बांध, असं कायम काहीतरी चालू. तरुणपणी तर सायकलला दोन्ही बाजूंनी तेलाचे डबे बांधायचे, घाट उतरायचा, दिंद्रुडच्या बाजारात माल विकायचा आणि सांजेला परत. धारूर वर डोंगराच्या कडेला, दिंद्रुड खाली. जाताना पाय न हलवता पोचायचं आणि येताना जीव काढायचा. आता काय म्हणावं, यांना तो जीव काढणारा रस्ताच आवडायचा.

असल्या माणसाला गेल्या साली छातीत कळ आली. लातूरला नेऊन दोन स्प्रिंगा टाकल्या, आणि घरी आणल्यावर मुलानं, बसवेशनं, त्यांना गादीवर बसवलं. "अप्पा, तुमी फकस्त बसा. बाकी मी बघतो." बसा म्हणे. सांगायला ह्याच्या बापाचं काय जातं, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण बाप तेच होते. बसले बिचारे. दहा वेळा उठून दाराशी जायचं, दहा वेळा परत यायचं. पायरी उतरली की मागून कुणीतरी विचारायचंच, कुठं निघालात? संडासला जायलासुद्धा सोबत मिळेल अशी गत झाली होती. मनात एकच घोळत राहायचं. एकदा एकट्यानं घाट उतरायचा आणि एकट्यानं चढून यायचं. तेवढं जमलं तर आपण माणसांत. न्हाई जमलं, तर आपण गादीवर ठेवलेलं पोतं.

डॉक्टरनं सायकलला हरकत नाही म्हटलं होतं, फक्त दमछाक नको. त्याच सुमारास पुण्याचा पुतण्या सत्यम परदेशी चालला होता. त्याची डोंगरात फिरवायची इलेक्ट्रिक सायकल त्यानं ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून काकाला धाडून दिली. खोक्यातून निघाली तेव्हा गल्ली जमली. काळी कुळकुळीत, जाड टायरं, पुढं शॉकअप, आणि मोटर काही केल्या दिसेना. ती दोन्ही पायडलांच्या मधोमध लपलेली. पायडल मारलं तरच मोटर जोर लावायची, नुसतं बसून राहिलं तर ढिम्म हलायची नाही. हा व्यवहार मन्मथप्पांना लई पटला. "कामाच्या माणसाची गाडी हाय," ते म्हणाले. मग त्यांनी काय केलं असेल? फिरवून नाही पाहिली. वखारीत जिथं पोती तोलतात त्या टांगत्या काट्याला नेऊन लटकवली. सतरा किलो भरली. "साखरेचं अर्धं पोतं बी न्हाई," असं त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागलं.

किल्ल्याच्या रस्त्याला मैनुद्दीनचं सायकलचं दुकान. शाळेपासूनचा दोस्त, पंक्चर काढण्यात केस पांढरे झालेले. पण ह्या सायकलपुढं तोही दोन पावलं मागं सरला. "अप्पा, ह्याच्यात वायरी हायेत. वायरीला मी हात लावणार न्हाई बे." मग वाटणी ठरली. लोखंड मैनुद्दीननं बघायचं. वायरी, बॅटरी आणि मोबाईलवरून मोटरचा जोर कमीजास्त करायचं ते ॲप सूनबाई रोहिणीनं. ती कॉम्प्युटर शिकलेली. जोराच्या तीन पायऱ्या होत्या, हँडलवरच्या बटणानं बदलायच्या. तिनं पहिली पायरी अगदी हलकी ठेवली. "मामा, सपाटीला हीच वापरा. वरची पायरी लावून बसलात तर बॅटरी मधेच मान टाकंल."

पुढचे दिवस मन्मथप्पांनी मैनुद्दीनला धड चहा पिऊ दिला नाही. हँडल इतकं रुंद की गल्लीच्या तोंडाशी अडकायचं. ते दोन्ही टोकांनी कापलं. सत्यमची सीट म्हणजे सुरीचं पातं. ती काढून रुंद बसवली. टायरात ट्यूबच नव्हती, आत कसलंसं पांढरं दूध घातलेलं, बाभळीचा काटा घुसला तरी भोक आपोआप बुजायचं. त्या दुधाकडं मैनुद्दीन सवतीकडं बघावं तसा बघायचा, धंद्यावरच घाला की. शॉकअपमध्ये हवा भरायची आणि ती बसणाऱ्याच्या अंगावर बेतायची. मन्मथप्पा बसले की सायकल पुढून नाक घासायची, म्हणून हवा वाढवली. मग खडी लागली की हातांना मुंग्या यायच्या, म्हणून कमी केली. आज सीट एक बोट वर, उद्या अर्धं बोट खाली. "तुझा जीव कुठंतरी टेकू दे ना," मैनुद्दीन वैतागून म्हणायचा. "घाट चढलो की टेकंल," हे उत्तर ठरलेलं.

सायकल अशी अंगाबरोबर झाली आणि मग घरच्यांची माया सुरू झाली. बसवेशनं पुढं लोखंडी गार्ड लावलं, आणि ट्रकवाले ऐकत नाहीत म्हणून टेंपोचा हॉर्न. चोरीला जाईल म्हणून म्हशीला शोभेल अशी साखळी. रोहिणीनं हँडलवर मोबाईल अडकवला. मामा कुठं आहेत ते तिच्या मोबाईलवर ठिपका होऊन दिसायचं. गंगासागरबाईंनी पाण्याची बाटली, फराळ आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी अशी एक पिशवी हँडलला लटकवली. शिवाय स्वतः मैनुद्दीनकडं जाऊन लोखंडी कॅरिअर बनवून घेतलं आणि सीटच्या दांड्याला पट्ट्यांनी आवळायला लावलं. "हे कशाला आता?" मन्मथप्पांनी विचारलं. "असू द्या," एवढंच त्या म्हणाल्या. मन्मथप्पांनी पुन्हा काट्याला टांगली. सत्तावीस. ह्या वेळी दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले.

आणि व्हायचं तेच झालं. पहिल्या खेपेला बसवेश मोटरसायकलवर मागं मागं. उतार झकास गेला. परत येताना मात्र सायकल रखडायला लागली. मागं पोरगं बघतंय म्हणून यांनी पायथ्यापासूनच वरची पायरी लावलेली. निम्म्या घाटात बॅटरीनं मान टाकली, आणि हाती राहिलं नुसतं सत्तावीस किलो लोखंड. बसवेशनं काय करावं? त्याच कॅरिअरला पाय लावला आणि मोटरसायकलवरून बापाला ढकलत आणलं, ते थेट चौकातून. पानाच्या टपरीवरून भगवानराव ओरडलेच, "अप्पा, पेट्रोल संपलं का?" लोक हसले. मन्मथप्पा खाली मान घालून घरी आले. त्यांना रडू येत होतं, आणि ह्या वयात पेट्रोलवरून रडायचं कसं, हेही कळत नव्हतं.

रात्री जेवताना बसवेशनं निकाल दिला, "बास झाला घाट. किल्ल्यापतुर जा अन् माघारी या." मन्मथप्पांचा गुडघा ताटावर वर-खाली होत राहिला.

चार दिवस तळमळत काढले. पाचव्या दिवशी सकाळी पूजा आटोपली, कपाळाला भस्म लावलं आणि "मैनुद्दीनकडं बसतो जरा" म्हणून निघाले. तिथं गेले आणि पाना उचलला. गार्ड काढलं, हॉर्न काढला, साखळी काढली, पिशवी काढली. मोबाईलही काढून मैनुद्दीनच्या हातोडीशेजारी ठेवला; म्हणजे ठिपका इथंच राहील आणि सूनबाई निवांत. कॅरिअरच्या पट्ट्या तर असल्या जोरानं सोडल्या की बोट सोललं. बसवेशचा पाय त्यांना अजून पाठीशी जाणवत होता.

"अप्पा, वहिनीला काय सांगू?" मैनुद्दीननं विचारलं.

"विचारलं तर सांग. न्हाई विचारलं तर गप बस."

घाट उतरताना वारा सदऱ्यात शिरला आणि मन्मथप्पांना कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. दिंद्रुडला गेले, ओळखीच्या दुकानी उभ्या उभ्या चहा घेतला, बस म्हटलं तरी बसले नाहीत, आणि फिरले. पायथ्याशी आले तोवर बॅटरी निम्म्याहून जास्त होती. ह्या वेळी पहिली पायरी धरली. सायकल हलकी, पाय चालताहेत, मोटर हळूच मागून रेटतेय. एक वळण गेलं. दुसरं गेलं. जिथं मागल्या खेपेला बॅटरी गेली होती तेही मागं पडलं. तिथं यांना चेव आला आणि जोरात पायडल मारायला लागले. तिथंच छातीत काहीतरी दाटलं.

उतरले. कठड्यावर बसले. घाम आला होता, तो चढाचा की दुसरा कसला, कळेना. हात आपसूक हँडलकडं गेला. पिशवी नव्हती. डबी पिशवीत आणि पिशवी मैनुद्दीनच्या पत्र्याखाली. त्या डबीचं वजन ते किती? वखारीतल्या काट्यावर ठेवली असती तर काटा हललाही नसता. जन्मभर मापं करणाऱ्या माणसानं गार्डाबरोबर तीही काढून ठेवली होती. मोबाईल नाही. एक ट्रक गेला, त्याला हात करावा तर हात उचलेना. भ्याले. खोटं कशाला सांगायचं, लई भ्याले. आपण इथं आहोत हे घरातल्या एकाही माणसाला ठाऊक नाही आणि ते आपणच तसं करून ठेवलंय, हे त्यांना त्या कठड्यावर कळलं. सीताफळीच्या झुडपाकडं बघत एक एक श्वास घेत राहिले. हळूहळू दाटलेलं सुटलं. दमच होता तो. मग मधली पायरी लावली आणि गपगुमान वर आले. घाट चढला होता, एकट्यानं. पण ज्या आनंदासाठी एवढा खटाटोप केला तो काही येईना.

मैनुद्दीनच्या दुकानात काढलेल्या सामानाच्या ढिगाशेजारी, पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्याजवळ, स्टुलावर गंगासागरबाई बसल्या होत्या. दुपारच्या गोळीची आठवण करून द्यायला त्यांनी फोन केला, तो उचलला मैनुद्दीननं, आणि त्याला खोटं बोलता आलं नाही. त्यांच्या मुठीत ती डबी होती. मैनुद्दीन उगीच एका चाकाची तार आवळत होता.

"चढून आलो," मन्मथप्पा म्हणाले.

"दिसतंय." त्यांनी मुठीतली डबी पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "लातूरला तुमी आत होतात. मी भाईर बाकड्यावर. तुमाला भूल दिलती. मला कुणी दिली न्हवती."

मन्मथप्पा ढिगाशेजारी खालीच बसले. मांडी घालून, दोन्ही गुडघे खाली.

"जायचं तर जा," गंगासागरबाई म्हणाल्या. "मी अडवणार न्हाई, अन् बसवेशला बी सांगते. तुमाला घरात बसवून मला कुठं सुख लागलंय? दिसभर तुमची येरझार बघून माझंच डोकं फिरायची पाळी आली. पण हे आसं चोरून न्हाई जायचं." मग त्यांनी ढीग उचकायला घेतला. हॉर्न बाजूला टाकला. गार्ड टाकलं. साखळी टाकली. "मोबाईल खिशात असू द्या. डबी दुसऱ्या खिशात. अन् हे." त्यांनी कॅरिअर दोन्ही हातांनी उचलून नवऱ्यापुढं ठेवलं.

"ते कावून? अडीच किलो हाय ते. त्याच्यावर कोण बसणार?"

"कुणीच न्हाई. रिकामंच न्यायचं."

"मग?"

"तराजूच्या हलक्या पारड्याला तुमी खडा बांधता. त्या खड्याचे कुणी गिऱ्हाईक पैशे देतंय का? पण त्याच्याबिगर माप खरं येत न्हाई, हे तुमीच मला शिकवलं. चढाला जड लागलं की ध्यानात येऊ द्या, मागं कुणीतरी हाय." एवढं बोलून त्या उठल्या, साडीची धूळ झटकली आणि घराच्या रस्त्याला लागल्या. वळूनही पाहिलं नाही.

मैनुद्दीन पाना घेऊन पुढं झाला. मन्मथप्पांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि सोललेल्या बोटानं पट्ट्या स्वतः आवळल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल वखारीतून बाहेर काढली. आईनं काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, बसवेश आडवा आला नाही. बाप जाता जाता थांबेल म्हणून त्यानं टांगता काटा खाली ओढून धरला. "अप्पा, तोलायची का?"

"नको," मन्मथप्पा म्हणाले. दोन्ही खिसे चाचपले, दारात उभ्या असलेल्या गंगासागरबाईंकडं एकदा पाहिलं आणि पायडलवर पाय ठेवला. "वजन मला म्हाईत हाय."