उत्तरेला डोकं

बाबांच्या अंगावरून वारं गेलं त्याआधीही आमचं घर काही सुखात नव्हतं. धरणातून पाणी सोडलं की नदी आमच्या गल्लीच्या खालच्या टोकाला यायची आणि वाढली तर उंबऱ्यात. बाबा मंडईत हमाल होते. पाणी आलं की ते कमरेत वाकून एकेक वस्तू पाठीवर घ्यायचे आणि गल्ली चढून वर महापालिकेच्या शाळेत नेऊन ठेवायचे. लोखंडी कपाटसुद्धा. ते कपाट त्यांनी जुन्या बाजारातून घरापर्यंत पाठीवरच आणलं होतं, आईसाठी. आई चार घरी पोळ्या करायची. तिच्या मालकीची म्हणावी अशी ते कपाट तेवढी एक वस्तू. पाणी ओसरलं की चिखल उपसायचा, भिंतीला पुन्हा चुना मारायचा आणि कपाट परत आणायचं. असं आमचं लहानपण गेलं. त्याला तेव्हा आम्ही संकट म्हणत नव्हतो. पावसाळा म्हणत होतो.

मग बाबांची डावी बाजू गेली. जिभेला जडपणा आला, पण बोलणं कळायचं. ज्या माणसाच्या जोरावर आम्ही दरवर्षी घर सोडायचो, तोच आता उचलून न्यायचा होता.

आमच्या गल्लीत माझ्या आधी कुणी पदवी घेतली नव्हती. हे मी अजूनही सांगते आणि मोठ्याने सांगते. बी.कॉम. झाल्यावर कर्वेनगरच्या एका ऑफिसात हिशेबाला लागले. तिथे वर्षातून एकदा आगीचा सराव व्हायचा. शिट्टी वाजली की सगळे जिन्याने खाली उतरायचे, आवारात रांगेत उभे राहायचे आणि चहा पिऊन पुन्हा वर जायचे. ते बघून मी ठरवलं की आपल्या घराचाही असा सराव करायचा. फरक एवढाच की ऑफिसात खाली उतरायचं होतं, आमच्याकडे वर चढायचं होतं.

"ताईला डिग्री मिळाली तेव्हाच मी म्हटलं होतं, हे आपल्याला महागात पडणार," भाऊ म्हणाला. तो पार्सलं पोचवायचं काम करायचा. पण सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर उभा राहिला.

आधी प्लास्टिकची खुर्ची घेतली. खुर्चीत बाबांचं अंग डावीकडे ओघळायचं. आईच्या साडीने बांधलं तर त्यांना श्वास घेता येईना. मग ठरलं, गोधडीत घालून न्यायचं. एक जण डोक्याकडे, एक जण पायांकडे. गल्लीत तिसरा माणूस मावतही नव्हता.

पहिल्याच खेपेला आई दारात आडवी आली.

"हे काय चाललंय?"

"सराव आहे गं."

"पाय पुढे करून?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खोली इतकी अरुंद की एका भिंतीला कॉट, दुसऱ्या भिंतीला कपाट, मधून एक माणूस जेमतेम जाईल. बाबांचं डोकं आतल्या भिंतीकडे, पाय दाराकडे. उचलले की पायच आधी दाराबाहेर येणार. पाय पुढे करून कोण जातं, ते आईने मला सांगायची गरज नव्हती.

"जित्या माणसाला असं नेतात का?" ती म्हणाली. "मी नाही नेऊ देणार. पाणी येऊ दे, नाहीतर आणखी काही येऊ दे."

बाबांना कॉटवरच वळवून बघितलं. त्यासाठी कॉटवर चढावं लागायचं, दोघांना घाम फुटायचा आणि बाबा विव्हळायचे. पाणी दारात असताना हे जमणार नव्हतं. कपाट काढावं तर तेही नाही. पाण्यामुळे आम्ही जमीन वर उचलून घेतली होती, चौकट बदलून बुटकी केली होती. आता ते कपाट दारातून बाहेर येत नव्हतं. कापून काढावं लागलं असतं. ते आईजवळ बोलायची माझी हिंमत झाली नाही.

राहिला एकच उपाय. बाबांना कायमचं उलटं झोपवायचं, डोकं दाराकडे. पण आमचं दार उत्तरेला.

"उत्तरेला डोकं?" आई म्हणाली. मेलेल्याचं डोकं उत्तरेला करतात. मी तिला समजवायला गेले की पृथ्वीला असं काही कळत नसतं. "तुझ्या कॉलेजात ठेव ते," ती म्हणाली. कित्येक दिवस घरात हा एकच विषय होता आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

शेवटी बाबाच बोलले. बाहेर महापालिकेची गाडी फिरत होती. भोंग्यावरून सांगत होते, नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.

"त्याला पत्ता विचार सुरक्षित स्थळाचा," बाबा म्हणाले. मग आईकडे बघून, "फिरवा मला."

"अहो, पण..."

"बुडल्यावर दिशा कोण बघतंय? फिरवा म्हनतो ना."

आम्ही फिरवलं. आई त्या संध्याकाळी जेवली नाही. झोपायच्या वेळी तिने कॉटखालचं आपलं अंथरूण ओढलं आणि उशी दाराकडे ठेवली.

"तू कशाला?" मी विचारलं.

"जायचंच असलं तर दोघांनी जाऊ."

आता सराव जमायला लागला. एकदा आम्ही बाबांना गोधडीत घेऊन गल्ली चढत होतो, तर वळणावरच्या काकू भांडी टाकून रडायलाच लागल्या. बाबांनी गोधडीतून मान वर केली. "अजून हाय मी," ते म्हणाले. भाऊ हसला. मला हसू आलं नाही. इतकं सगळं आपण करतोय ते कशासाठी, असं मनात आलं. पुन्हा याच खोलीत आणून ठेवण्यासाठी.

पाणी आलं ते भर दुपारी. भाऊ कामावर होता. त्याचा फोन आला, पूल बंद केलाय, येता येत नाही. उंबऱ्यावरून पाणी आत यायला लागलं होतं. मी पायांकडची गोधडी धरली आणि आईकडे बघितलं. तिने एकदा कपाटाला हात लावला. मग डोक्याकडचं टोक मुठीत गुंडाळलं.

"उचल," ती म्हणाली.

डोकं पुढे करून आम्ही बाबांना दाराबाहेर काढलं. आई उलट्या पावली चालत होती, मी सांगत होते, डावीकडे, आता पायरी, आता वळण. दोनदा टेकवावं लागलं, पण आम्ही शाळेपर्यंत पोचलो. पोती वाहणारा माणूस आम्हां दोघी बायकांना पेलला, याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. तो इतका हलका कधी झाला ते मला कळलंच नव्हतं.

वर्गात बाकं बाजूला सारून जागा केली. आईने धाप टाकत विचारलं, "उत्तर कुठे आहे गं?"

मी फळ्याकडे बोट केलं. तिने बाबांचे पाय फळ्याकडे केले आणि मगच खाली बसली.

पाणी ओसरल्यावर मी आणि भाऊ घर बघायला गेलो. कपाट कॉटवर आडवं पडलं होतं आणि उशीच्या जागी चिखल बसला होता. कपाट भंगारवाल्याने आतच कापून नेलं. आई तेव्हा पोळ्या करायला गेली होती. मुद्दामच गेली असावी.

दुसरीकडे जायला जागा नव्हती, म्हणून आम्ही त्याच खोलीत परतलो. आता बाबांना सरळ झोपवता आलं असतं, वळायला जागा झाली होती. बाबा नको म्हणाले. पुन्हा पाणी आलं तर, म्हणाले. ते गेले थंडीत, कोरड्या जमिनीवर. तेव्हा पाय पुढे होते आणि आईने दार अडवलं नाही.

घर अजून तिथेच आहे. नदीही. आम्ही काही बदलू शकलो नाही. पण पाणी घरभर भरलं तेव्हा बाबा घरात नव्हते. आम्ही त्यांना बाहेर काढलं होतं, जिवंत, डोकं पुढे करून.