शंकरपाळीचा ठसा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि तुम्ही हे कुणाकडे बोलाल, असा संशय आत्ताही मनात आहेच. असू दे.

माझा बाप उरणच्या मिठागरात राबला. मी मिठाची दलाली करून वर आलो. तरी मिठागराचा शेठ मला ओटीवर घेत नसे. मुंबईचे व्यापारी बुटांसकट खुर्चीत, आणि मला — "चामडं खाली काढ, पायरीवर बस." हे मी विसरलेलो नाही. का विसरावं?

मग एकदा भाऊच्या धक्क्याजवळ ते बूट दिसले. वर पांढरं कापड, खाली रबर. विकणारा म्हणाला, "साहेब लोक टेनिसला घालतात. चामड्याच्या टाचेनं हिरवळ फाटते, म्हणून हे रबर निघालं. आता जपानी माल आलाय, आपणही घालायचा!" मी त्याला भावावरून इतकं पिळलं, की तो वैतागला. "दोन जोड घ्या नि मला सोडा!" दोन्ही एकाच मापाचे. एक मला, एक धर्माला. धर्मा माझा चुलतभाऊ. शेठच्या आगरात मीठ पिकवायचा.

"शेठ, यात चामड्याचा तुकडा दाखवा," म्हणत मी ओटीवर चढलो. शेठ हसला. खुर्ची दिली! पुढे मास्तरांनी तसले बूट घेतले, देवळाच्या पुजाऱ्यानंही भाव विचारून पाहिला. पण तेव्हा गावात जोड दोनच — माझा नि धर्माचा.

धर्मा माझाच माणूस. पण चांगलं मीठ तो दुसऱ्या दलालाला चोरून देतो, असं माझ्या डोक्यात बसलं. कुणी सांगितलं? कुणीच नाही. तो हल्ली कमी बोलायचा, एवढंच. भर दुपारी माणसं जेवायला गेल्यावर मी पलीकडची, माझ्यासाठी राखलेली, पेंढ्यानं झाकलेली मिठाची रास बघायला निघालो. बांधावरून गेलो असतो तर लांबून दिसलो असतो. म्हणून — इथं थांबावंसं वाटतं — म्हणून वाफ्यातून गेलो.

मिठाच्या वाफ्याचा तळ अनवाणी पायांनी तुडवून तुडवून आरशासारखा करतात. त्यावर पायताण घालून कुणी जात नाही. शेठसुद्धा बांधावरून जातो. तळ फुटला की मीठ मातकट निघतं. मी आगरातलाच, मला हे ठाऊक नव्हतं? रागात पायांकडे बघितलंच नाही. राशीवर मी मारलेली खूण जशीच्या तशी होती. धर्मानं चिमूटभरही हलवलं नव्हतं.

घरी येऊन मी बूट धुतले, पांढरा खडू फासला नि ओलेच पेटीत ठेवले.

दुपारनंतर आगरातली एक बाई ओरडली, "अगं बाई, तळावर शंकरपाळ्या कुनी कापल्या?" सगळे हसले. शेठ आला तेव्हा कुणी हसेना. रबराचे चौकटी ठसे वाफाभर उमटले होते, थेट राशीपर्यंत.

"चोरी करायला गेला होतास?" शेठनं धर्माला विचारलं.

"शेठ, यो तळ मी पायानं तुडवलाय. त्यावर बूट घालून जाईन व्हय?"

शेठ माझ्याकडे वळला. "तुझे कुठायत?"

"घरी, पेटीत. असली वस्तू खारीत कोण घालील?"

एवढंच बोललो. धर्माच्या बुटांना बांधावरचा चिखल होता, माझे पेटीत लांबूनच पांढरेशुभ्र दिसले. त्याला शेठनं त्याच दिवशी आगराबाहेर काढलं, चोर म्हणून.

संध्याकाळी धर्मा माझ्या दारात आला. पेटीतून काढलेले माझे बूट ओसरीवर वाळत होते. त्यानं बोट लावून बघितलं. बोटाला ओला खडू आला.

"मला इचारायचं व्हतंस रं," म्हणाला. आपला जोड माझ्या जोडाशेजारी नीट ठेवला आणि अनवाणी मोऱ्याच्या बंदराकडे, मुंबईच्या बोटीकडे गेला. तो परत आला नाही.

मला तो बोलेल अशी भीती होती. तो गेल्यावर कळलं, त्याचं नाव चोर म्हणूनच राहिलं, आणि मी खुर्चीतच बसत राहिलो. आजही बसतो. शेठ माणसांना सांगतो, हा एकच दलाल भरवशाचा.

दोन्ही जोड माझ्याकडे आहेत. खडू मी फक्त माझ्याच जोडाला लावतो.