फोनवाल्यांची गाडी

आमच्या गौलीगुड्यातल्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटरवाला राहतो. बोलण्याआधीच हसतो. त्यानं फोनच्या कंपनीनं काढलेली विजेची गाडी आणली. मी म्हटलं, "फोनवाल्यांना गाडी काय जमणार?"

पूजा झाली, चाकांपुढं लिंबं ठेवली, तर गाडी हलेचना.

"काका, पुढं अडथळा आहे म्हणतीय!"

तो खाली उतरला आणि बुटांनी लिंबांवर धपाधप उड्या मारायला लागला. "झालं गाडीचं काम! बसा ना काका."

बायकोला शेवटचं दवाखान्यात नेलं, त्यानंतर मी कुठल्याच गाडीत बसलो नव्हतो. पण हसून हसून पोट दुखत होतं, तसाच बसलो. गाडी सुटली, आवाज काही नाही. मग आबिड्सपर्यंत मीच खिडकीतून ओरडत गेलो, "हटो मियाँ, हटो!"