छत्तीस लाल खुंट्या

खून, दरोडे बरेच हाताळले, त्यातले निम्मे डोक्यातून गेले. पण छत्तीस खुंट्यांची ती तक्रार आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. समुद्रात तेल लागलं होतं. पाइप ठेवायला, तेलविहिरींना माल नेणाऱ्या बोटी लावायला किनाऱ्यावर जागा शोधायची सगळ्यांना घाई. आमच्या हद्दीत, मनोरीच्या बाजूला, एका कोळीवाड्यासमोरचं मोकळं मैदान एका कंपनीने पसंत केलं आणि लाल खुंट्या ठोकल्या. आठवड्यात सगळ्या गायब. कंपनीचा इंजिनीअर ठाण्यात येऊन तावातावाने म्हणाला, "साहेब, दोन-चार जणांना आत घ्या, आपोआप कबूल होतील."

मला असली घाई चालत नाही. आधी जागा बघायची, मग कलम. मैदान मोकळं होतं ते पावसाळ्यापुरतं. नारळी पौर्णिमा झाली की तिथे बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या राहत. अख्ख्या वाड्याचं पोट त्यावर. म्हणजे संशय वाड्यावरच जात होता.

खबर आम्हाला खाडीपार नेणाऱ्या होडीवाल्याने दिली. "खुंट्या शोधताय ना? मिठागरामागे खाडीच्या वळणावर उभ्या आहेत की."

गेलो. छत्तीसच्या छत्तीस, त्याच आखणीत. हवालदाराने नकाशा धरला, मी टेप लावली. फूटभराचा फरक नाही. चोर एवढी मेहनत घेत नाही.

मग घरोघर चौकशी. एका म्हाताऱ्या कोळणीच्या अंगणात गाठी मारलेली दोरी वाळत होती. गाठींना लाल रंग लागलेला.

"मावशी, ही दोरी कुणाची?"

"माझी. हिनंच मापून खुंट्या पण मीच हलवल्या. बाया होत्या हाताशी, पण नाव माझंच लिव."

"चोरी आहे ही."

"चोरी कसली रे? एक खुंटी कमी भरली तर घाल बेड्या. बोंबील कुठं वाळवू ते सोड. पण त्या सायबाच्या बोटी इथं लागणारच नाय. ओहोटीला नुसता चिखल. वळणावर ओहोटीलाही पाणी खोल. तू ओहोटीला आलास कधी?"

आमची होडी भरतीलाच सुटायची आणि पाणी उतरायच्या आत परतायची. इंजिनीअरनेही जागा तेवढ्याच वेळात पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेलो आणि परतीची होडी मुद्दाम चुकवली. गडी माझ्यावर जाम भडकला. मावशीने कोरा चहा दिला. दुपारपर्यंत पाणी एवढं हटलं की वाड्याच्या होड्या कुशीवर पडल्या. तो पॅन्ट दुमडून चार पावलं गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. मग आम्ही वळणावर गेलो. त्याने दोरीला वजन बांधून तीनदा पाण्यात सोडलं; तिन्ही वेळा खोली बोटींना पुरेशी भरली.

"खुंट्या इथेच राहू द्या," तो हळूच म्हणाला. "मावशींनी माझी नोकरी वाचवली." तक्रार त्याने लेखी मागे घेतली, आणि नवा आराखडा वरून मंजूर होईपर्यंत पाठपुरावा केला.

खरं सांगतो, त्या दिवशी खाकी घातल्याचं समाधान वाटलं. त्यानंतर दोन वेगळ्या वेळी जागा पाहिल्याशिवाय मी एकही तपास पुरा केला नाही. सहकारी चिडवायचे, चिडवू देत.

थंडीत एकदा भाईंदरकडून रस्त्याने वळसा घालून, मुद्दाम पाणी उतरलेलं असताना तिथे गेलो. मैदानभर वलांड्या, त्यावर बोंबील. मावशीने लांबूनच ओळखलं आणि हाक मारली, "आलास ना रे ओहोटीला!"