लाल दिव्याखालचं नाणं

माझी नणंद बत्तीस वर्षं एका दंतवैद्याकडे एक्स-रेच्या फिल्म धुते. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, औषधांच्या दोन टाक्या, पाण्याचा नळ आणि एक लाल दिवा. फिल्मवर उजेडाची तिरीप पडली की ती वाया गेली, म्हणून दाराच्या फटीला काळं कापड, कुलपाच्या भोकात बोळा आणि मोबाइल बाहेर. घरात आम्ही तिला वटवाघूळ म्हणतो, तोंडावर. तिला त्याचं कौतुकच आहे.

मागच्या वर्षी फिल्म धुरकट यायला लागल्या. दाताचं मूळ कुठे संपतं तेच कळेना. डॉक्टर भला, पण घुम्या. महिनाभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, आता तुम्ही विश्रांती घ्या, सोमवारी बोलू. साठीच्या बाईचे डोळे गेले, असं त्याला वाटत होतं. खरं सांगायचं तर तिलाही.

रविवारी ती माझ्या दारात. "वहिनी, चला माझ्याबरोबर. खोलीत कुठूनतरी उजेड येतोय आणि मला तो दिसत नाहीये."

माझे दोन्ही मोतीबिंदू काढलेले, नजर लख्ख. गेले. दिवे घालवून पंधरा मिनिटं बसायचं, मगच बारीक फट डोळ्यांना सापडते म्हणे. मला पाच मिनिटं गप्प बसणं म्हणजे शिक्षा. बसले. काही दिसलं नाही, आणि तसं सांगितलंही. तिने सुस्कारा सोडला. तिचे डोळे शाबूत होते तर! पण लगेच तिचा आवाज पडला. "म्हणजे चूक धुण्यात, माझ्या हातांची," म्हणाली.

मी विचारलं, हा लाल दिवा तपासलास का? ती माझ्यावरच उखडली. लाल उजेडाने फिल्मला काही होत नाही, बत्तीस वर्षं त्याच्याखालीच काम करतेय. मी म्हटलं, मग तपासायला काय जातंय?

तिने काळोखात एक कोरी फिल्म उघडली, वर नाणं ठेवलं, पाच मिनिटांनी चाचपडत धुतली. स्वच्छ. दुसरी तशीच दिव्याखाली ठेवली. तिच्यावर राखाडीत नाण्याचा फिकट गोल उमटला, अगदी कंपासने काढल्यासारखा. नाण्याखालचं तेवढं वाचलं होतं, बाकीचं दिव्याने धुरकटलं होतं. दिव्याची लाल काच काढली तर आत हा भलामोठा बल्ब. मागच्या वर्षी जुना गेल्यावर डॉक्टरने स्वतः बसवलेला.

सोमवारी तिने दोन्ही फिल्म त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याने त्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. तुम्हाला नीट दिसावं म्हणून मीच मोठा टाकला हो, म्हणाला.

"डॉक्टर, मला कमी उजेडातच बरं दिसतं," ही म्हणाली.

दुपारी लहान बल्ब लागला. संध्याकाळी तिचा फोन आला. मुळाचं टोक सुईसारखं स्पष्ट आलं होतं. डॉक्टरने काय म्हटलं, मी विचारलं.

"म्हणतो, उद्या वेळेवर या. बत्तीस वर्षांत मी कधी उशिरा गेलेय का, वहिनी?" आणि पुढची दहा मिनिटं ती त्याला मनसोक्त नावं ठेवत होती.