अंगावरून जाणं आणि तिसरा शुक्रवार

देवीचा कोप झाला असेल, तर नेमका कशाबद्दल, हे कोडं मला चार वर्षं सुटलं नव्हतं. दर महिन्याला दहा-बारा दिवस अंगावरून जायचं. चार दिवसांची अडचण सगळ्याच बायकांना असते, माझी मात्र संपता संपत नसे. शिराळ्याजवळचं गाव, घर उसाच्या शेतीचं, मालक फौजेत. एक घागर आणली तरी छाती धडधडायची. सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, मला नवस बोलायला लावला: डोंगरावरच्या देवीला ओळीनं पाच शुक्रवार अनवाणी जायचं. पण दोन शुक्रवार झाले, फार तर तीन, की अडचण येई आणि नवस पुन्हा पहिल्यापासून. ज्या दुखण्यासाठी नवस, तेच दुखणं नवस पुरा होऊ देत नव्हतं. देवीआई असा नवस घेतेच कशी, याचं मला नवल वाटायचं.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. त्या खेपेचा तिसरा शुक्रवार. निम्म्या पायऱ्या चढले आणि कळलं, सुरू झालं. वर जाता येईना, खाली उतरायचं त्राण नाही. तिथंच बसले आणि म्हटलं, आई, आता माझ्याच्यानं होत नाही, तू काय ते बघ.

वरून एक पन्नाशीची बाई दर्शन करून उतरत होती. मला बघून थांबली. मी म्हटलं, "शिवू नका, मी अडचणीत हाय."

"मी रोज शिवती. सांगलीला सरकारी दवाखान्यात नर्स हाय मी," म्हणत ती शेजारी टेकली. माझी खालची पापणी ओढून बघितली. मग विचारू लागली. किती दिवस जातं? दिवसाला कापडाच्या किती घड्या बदलाव्या लागतात? रात्री उठावं लागतं का? गाठी पडतात का? मी सांगत गेले, देवीच्या कोपाचंही. इतकं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मग हळूच म्हणाली, "आन माती खाऊ वाटती?"

माझ्या अंगावर काटा आला. चुलीची माती मी चोरून खात होते. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

"तुमास्नी कसं कळलं?"

"रगत कमी झालं की खाऊ वाटती. लय जणींना वाटती. ह्यो कोप न्हाई, आजार हाय. सोमवारी या, मी असती तितं."

सोमवारी ती खरंच होती. तिनंच मला डॉक्टरीणबाईंपुढं नेलं. त्यांनी तपासून कागदावर चित्र काढलं: पेरूएवढी गर्भाची पिशवी आणि तिच्यात वाढलेली गाठ. गाठीमुळं रक्त जास्त जातं, रक्त गेलं की दम लागतो. माझ्याच पोटातली वस्तू मी पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघत होते. मी इतकं विचारलं, की बाई हसायला लागल्या. आधी लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्त भरून येईपर्यंत. तीन महिन्यांत मातीची ओढ गेली. जाणं मात्र थांबेना. तीन मुलं झाली होती, म्हणून पिशवी काढायचं ठरलं. मालक रजा काढून आले.

आत्याबाई घाबरल्या. "पिशवी काढल्यावर बाई ऱ्हाती व्हय?"

हेही मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाळी येणार नाही, मूल होणार नाही. बाकी तुम्ही आहात तशाच." ऑपरेशनच्या टेबलावर मी आईचं नाव घेतलं आणि जीव त्यांच्या हाती दिला.

घरी आले तेव्हा आत्याबाई डोक्याला तेल लावायला बसल्या. मग म्हणाल्या, "माझं बी असंच जायाचं गं. मला वाटायचं, माझंच कायतरी पाप आसंल. कुणाला सांगितलं न्हाई." सत्तरीच्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या संध्याकाळी त्या बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले.

देवीनं त्या बाईला धाडलं, की ती आपली सहज उतरत होती, हे मला आजही सांगता येत नाही. आईच्या स्वाधीन होणं म्हणजे मुकाट सोसणं, असं मी समजत होते. आता वाटतं, लाज बाजूला ठेवून सगळं सांगून टाकणं, हेही स्वाधीन होणंच. आत्याबाईंना ते सांगायला चाळीस वर्षं लागली.